मियाटाचं चाक घासतंय? फेंडरला हात लावण्याआधी कणीक मळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९२ची १.६ लिटरची मझदा मियाटा, वापरलेली घेतली. तिच्यावर १५×८ इंचाच्या, शून्य ऑफसेटच्या रिम आणि २०५/५० आर १५ टायर चढवले. गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगही टाकल्या. आता शेजारी बायको बसली की स्पीड बंपवर मागचं उजवं चाक ‘खर्र’ करतं, आणि ड्राइव्हवेतून रिव्हर्स काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं डावं चाक घासतं. टायरवाला म्हणाला फेंडर (चाकावरचा कमानीचा पत्रा) कापू, मित्र म्हणाला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) वाढव, आणि कोणीतरी ५ मिमीचा स्पेसरही सुचवला.

स्पेसरचं आधी उरकून टाकू. स्पेसर म्हणजे रिमच्या मागे घालायची चकती, ती चाकाला बाहेर ढकलते. तुमचं चाक आधीच बाहेर आलेलं आहे. म्हणजे पाय दारात अडकलाय आणि सल्ला मिळतोय की अजून थोडं दार ओढ.

मी मूळचा पुण्याचा, भोसरीत टूलरूममध्ये हात काळे करून शिकलेला. आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये आहे आणि याच पिढीची मियाटा ऑटोक्रॉसला पळवतो, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये कोन मांडून घड्याळाशी शर्यत. या गाडीवर १४ इंचापासून १५×९ पर्यंत सगळे प्रकार लावून झालेत आणि त्यातल्या निम्म्या वेळा मी स्वतःच चुकलोय. त्यामुळे खालचं बरंचसं ज्ञान पैसे मोजून घेतलेलं आहे असं समजा.

आता हिशेब. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबवर (चाक ज्यावर नटांनी बसतं त्या भागावर) जिथे टेकते ती सपाटी, या दोहोंतलं अंतर. ऑफसेट जास्त तितकं चाक आत, कमी तितकं बाहेर. तुमच्या गाडीची मूळ रिम १४×५.५, ऑफसेट ४५. साडेपाच इंचाचे निम्मे साधारण ७० मिमी. त्यातून ४५ वजा केले की हबच्या सपाटीपासून रिमची बाहेरची कड २५ मिमीवर येते, आणि ४५ मिळवले की आतली कड ११५ मिमीवर जाते. आता तुमची नवी रिम घ्या. आठ इंचाचे निम्मे १०२ मिमी, ऑफसेट शून्य. म्हणून बाहेरही १०२, आतही १०२.

बाहेरची कड २५ वरून १०२ वर गेली, म्हणजे ७७ मिमी, तीन इंच. आणि आतली कड ११५ वरून १०२ वर, म्हणजे उलट १३ मिमी बाहेर सरकली. रिम अडीच इंचांनी रुंद झाली, पण आत जी मोकळी जागा होती तिच्यातली एक मिलिमीटरही वापरली नाही. उलट होती ती सोडली. सगळी रुंदी, वर आणखी थोडी, फेंडरच्या बाजूला गेली. तुमच्या घासण्याचं मूळ हे आहे. फेंडर बिचारा १९९२ साली होता तिथेच आहे.

हाच हिशेब दुसऱ्या दोन रिमना लावून बघा. १५×८, ऑफसेट २५: बाहेरची कड ७७, आतली १२७. आणि १५×९, ऑफसेट ३६: बाहेरची ७८, आतली १५०. बारकाईने बघा, नऊ इंची रिम आठ इंचीपेक्षा बाहेर जेमतेम दीड-पावणेदोन मिमी जास्त येते. वाढलेली बाकीची रुंदी आत, सस्पेन्शनच्या बाजूला जाते. म्हणूनच या पिढीच्या मियाटावर १५×९ ऑफसेट ३६ ही जोडी ऑटोक्रॉसवाल्यांची आवडती आहे. तुमच्या आठ इंची रिमपेक्षा ती इंचभर रुंद, तरी फेंडरपासून २३ मिमी जास्त लांब. रुंद चाक बसत नाही ही तक्रार मी दर हंगामात ऐकतो, आणि दहातल्या आठ वेळा रुंदीचा काही संबंध नसतो.

रिमचा हिशेब झाला, पण फेंडरला लागतो तो टायर. आणि टायरवर लिहिलेला रुंदीचा आकडा (२०५/५० मधला २०५, मिलिमीटरमध्ये) हा कारखान्यातल्या ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेला असतो. २०५/५० आर १५ साडेसहा इंची रिमवर मोजतात आणि तिथे त्याची खरी रुंदी भरते सुमारे २१४ मिमी. रिम अर्ध्या इंचाने वाढली की टायर साधारण ५ मिमीने पसरतो. आठ इंची रिमवर तो तीन पायऱ्या चढला, म्हणजे २२९ च्या आसपास. मूळचा १८५/६० आर १४ साडेपाच इंची रिमवर १८९. हे धरून टायरच्या पोटाचा हिशेब केला तर तुमचा टायर मूळच्यापेक्षा ६५ मिमी बाहेर आलाय. रिमच्या ७७ पेक्षा कमी, कारण रुंद रिमवर टायरचं पोट कमी सुटतं. त्याचा दुसरा अर्थ असा की रिमची कड आता फुटपाथला उघडी पडली आहे. समांतर पार्किंग करताना जपा.

आणखी एक गोष्ट टायरवाला सांगत नाही. टायर कंपन्यांच्या तक्त्यात २०५/५० आर १५ साठी साडेसात इंचापर्यंतच रिम मान्य आहे. आठ इंचावर तो सर्रास लावला जातो, मीही लावलाय, पण तक्त्याबाहेर आहे हे माहीत असून लावावा.

शिवाय दोन कंपन्यांचे २०५ एकसारखे नसतात. रोजच्या वापराच्या टायरचा खांदा गोलसर असतो, ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरचा चौकोनी, काटकोनात कापल्यासारखा. फेंडरच्या दुमडीला, म्हणजे आत वळवलेल्या कडेला, लागतो तो हा खांदा. मी एकदा फक्त कंपनी बदलली, आकडे तेच, आणि वर्षभर न घासलेलं चाक पहिल्याच वळणाला घासलं.

आता तुमच्या गाडीत नक्की कुठे लागतंय ते बघू. आवाजावर विश्वास ठेवू नका, खुणा शोधा. चाक काढा, टॉर्च हातात घ्या आणि फेंडरची आतली दुमड बोटाने चाचपा. (गाडी जॅकस्टँडवर असू द्या, नुसत्या जॅकवर नको.) रंग उडून पत्रा चकाकत असेल तर तिथे लागतंय. मग टायर बघा. खांद्यावर गोल फिरत गेलेली बारीक चर असेल तर तो पत्रा टायर कापतोय, आणि तसं असेल तर गाडी हायवेला काढू नका. टायरच्या बाजूच्या भिंतीत धाग्यांचे थर एक किंवा दोनच असतात, तिथला काप दुरुस्त होत नाही. उलट पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या लायनरवर नुसता काळा पट्टा उमटला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. तो लायनर झिजेल, फार तर भोक पडेल. घासण्या-घासण्यात फरक असतो.

आणि ‘खर्र’ आणि ‘ठक’ यात गोंधळ करू नका. चाक फिरताना होणारा ओढल्यासारखा आवाज घासण्याचा. खड्ड्यात एकदाच होणारा ठोका म्हणजे शॉकअपमधला रबरी बंप स्टॉप टेकला. दीड इंच खाली उतरवलेल्या मियाटात दोन्ही होतात, आणि बरेच जण दुसऱ्याचा राग फेंडरवर काढतात. काही जण तो रबर कापून छोटा करतात म्हणजे ठोका बसणार नाही. मग चाक अजून वर जातं आणि घासायला लागतं. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने तो कापलेला नाही ना, हे बघाच.

बायको बसल्यावर उजवं मागचं चाक का लागतं, तेही सरळ आहे. गाडी हजार किलोच्या आतबाहेर, दोनच सीट, त्याही मागच्या चाकांच्या जवळ. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे शेजारची सीट उजवी. साठ-सत्तर किलो त्या सीटवर आले की तो कोपरा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली बसतो. तुमच्याकडे तेवढीच जागा शिल्लक होती. (हे घरी असंच्या असं सांगू नका.)

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी. स्टिअरिंग वळवल्यावर चाक स्वतःभोवती फिरत नाही, ते आतल्या बाजूच्या एका तिरप्या अक्षाभोवती फिरतं. चाक जितकं बाहेर, तितका त्या अक्षापासून हात लांब आणि पूर्ण वळणावर टायरचा फेरा मोठा. म्हणून तो पुढे बंपरच्या कोपऱ्याला किंवा मागे फेंडरच्या खालच्या टोकाला गाठतो. फेंडरची वरची दुमड कितीही दाबली तरी हे घासणं जाणार नाही, कारण ते तिथे होतच नाही. याच लांब हातामुळे ब्रेक दाबल्यावर किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग हातात झटका देतं. मियाटाचं हलकं, बोलकं स्टिअरिंग हीच तर तिची कमाई. शून्य ऑफसेटने ती निम्मी घालवली.

कॅम्बरबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं. चाकाचा माथा आत झुकवला की फेंडरपासून जागा सुटते, हे तत्त्व बरोबर. ज्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब) असतो आणि त्याचं वरचं टोक आत सरकवून कॅम्बर देता येतो, तिथे हे मस्त चालतं. पण तुमच्या मियाटात चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे चाक धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, आणि कॅम्बर जुळवायचे विकेंद्री बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) खालच्या आर्मवर आहेत. वरचा आर्म जागचा हलत नाही. कॅम्बर वाढवला म्हणजे प्रत्यक्षात चाकाचं खालचं टोक बाहेर ढकललं. माथा आत येतो, पण अगदी थोडा. अलाइनमेंटच्या स्क्रीनवर उणे अडीच अंश बघून खूश होऊन घरी यायचं आणि त्याच बंपवर परत ‘खर्र’ ऐकायचं, हे मी एका मित्राच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. वर टायर आतल्या कडेने झिजले ते वेगळंच.

डबल विशबोनची एक कृपा मात्र आहे. चाक वर जाताना आपोआप आत झुकतं. त्यामुळे उभ्या गाडीत टायर फेंडरच्या बरोबरीत दिसला तरी खड्ड्यात तो आत शिरू शकतो. उभ्या गाडीकडे बघून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये, दोन्ही अंदाज चुकतात. मोजावं लागतं.

मोजायची माझी पद्धत अशी, आणि तिला एक वाटी कणीक लागते. ज्या चाकाचं मोजायचं त्याचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बाहेर काढा. स्प्रिंग काढायला कॉम्प्रेसर लागतो, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते. हे काम पहिल्यांदा करत असाल तर करून दाखवणारा माणूस शेजारी हवा. मग शॉकअप स्प्रिंगशिवाय, पण बंप स्टॉपसकट परत बसवा. बंप स्टॉप ठेवायचा, कारण खरी हालचाल तोच अडवतो. अँटिरोल बारची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांडीची) कडी त्या बाजूने सोडवा, नाहीतर एक चाक उचलताना दुसरं चाक त्याला ओढून धरतं आणि माप खोटं येतं. आता चाक लावा आणि हबखाली जॅक घालून हळूहळू उचला, बंप स्टॉप चांगला दाबला जाईपर्यंत. गाडी स्टँडवरून सुटायला लागली की थांबा.

याच्या आधी फेंडरच्या दुमडीवर तीन ठिकाणी, घड्याळात दहा, बारा आणि दोन वाजतात तिथे, लिंबाएवढे कणकेचे गोळे चिकटवायचे. पोळ्यांपेक्षा घट्ट मळलेली हवी, पुरीसारखी. टायरवर प्लास्टिकची पातळ पिशवी ओढायची म्हणजे कणीक टायरला चिकटणार नाही. चाक वर जातं, गोळा चेपतो, जॅक उतरवायचा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजायची. बाजारात यासाठी मॉडेलिंग क्ले मिळते, पण ती थंडीत दगड होते, आणि आमच्या गॅरेजला वर्षातले पाच महिने थंडीच असते. घरच्यांनी फक्त एकदा विचारलं की चार पोळ्या कमी का पडल्या.

गोळ्याची जाडी ६ ते ८ मिमी राहिली तर मी ते चाक रस्त्यावर नेतो. त्याच्या खाली नाही, कारण वळणात रबरी बुश दबतात आणि टायर स्वतः बाजूला लवतो. पुढच्या चाकाला हेच करताना दर दोन सेंटीमीटर उचलल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि आतल्या बाजूला अँटिरोल बार आणि आर्मकडेही बघा. नऊ इंची रिमचा प्रश्न बहुधा तिथे येतो.

आता फेंडर. कापू नका. मियाटाचा मागचा फेंडर म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कडेला एकत्र आणून जोडलेले असतात, मध्ये सीलर. कापलं की ती जोड उघडी. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजाला आमंत्रण द्यायचा याहून सोपा मार्ग नाही, आणि ही गाडी तशीही मागच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्टीत गंजण्यासाठी बदनाम आहे. दुमड आत वळवायची असेल तर हबवर बसणारा फेंडर रोलर भाड्याने मिळतो. त्याआधी कमानीवर लोहचुंबक फिरवा. चुंबक धरत नसेल तर खाली पुट्टी आहे. पुट्टीवर रोलर फिरवला की ती पापडासारखी फुटते, तिथे आधी डेंटर, मग बाकी सगळं.

रंग गरम केल्याशिवाय रोलर लावायचा नाही. हीट गनने पत्रा ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत न्या, म्हणजे तळवा क्षणभरच ठेवता येईल इतका. तापमान बघायची बंदूक असेल तर उत्तम. मी पहिल्यांदा केलं ते नोव्हेंबरात, थंड गॅरेजमध्ये, ‘होईल की’ म्हणत. रोलर तिसऱ्या फेरीला आला आणि रंगाला मडक्यासारखी तड गेली, केसाएवढी. मी त्यावर टचअपचा ब्रश फिरवून विषय संपवला. दोन हिवाळ्यांनी तिथे बोटाएवढा फुगवटा आला. आत सगळं भुगा होतं. म्हणून आता रोलर थोडा थोडा, प्रत्येक फेरीला पाव वळसा दाब वाढवून फिरवतो आणि काम झाल्यावर दुमडीच्या आत सीलर आणि पोकळीत मेण फवारतो.

पण शून्य ऑफसेटला दुमड दाबून भागणार नाही. दुमड पूर्ण सपाट केली तरी मिळते बोटाच्या पेराएवढी जागा, तुमची उधारी त्याहून मोठी आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर त्या रिम विकून टाकल्या असत्या. गाडी फक्त दिसण्यासाठी खाली बसवणारे लोक त्या आवडीने घेतात. त्यांच्याऐवजी, रोजच्या वापराला १५×७, ऑफसेट ३५ च्या आसपास. बाहेरची कड ५४ मिमी, आतली १२४. २०५/५० किंवा १९५/५०, दोन्ही तक्त्यात बसतात आणि फेंडरला हात लावायचं बहुधा काम पडत नाही. १९५/५० ची उंची ५७६ मिमी, मूळच्या १८५/६० आर १४ च्या ५७८ ला जवळपास तंतोतंत. २०५/५० ची ५८६. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६१ ला असेल, इतकाच फरक.

आठ इंचीच हवी असेल तर ऑफसेट २५, आणि दीड इंच खाली बसवलेल्या गाडीत मागची दुमड हलकी दाबून घ्यायची तयारी ठेवा. १५×९ चा मोह ट्रॅकसाठी ठीक, २२५/४५ टायरसकट. पण रोज ऑफिसला जायच्या गाडीत मी ती शिफारस करत नाही, पावसात रुंद आणि हलकी ही जोडी पाण्यावर लवकर तरंगते.

रिम घेताना बोल्टची मांडणी ४×१०० आणि मधलं भोक ५४.१ मिमी हे दोन आकडे बघा. बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक मोठं असतं, मग ५४.१ ची रिंग घालावी लागते. रिंग नसेल तर चाक नटांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं. लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून येतात आणि कारण दहा डॉलरची रिंग असते. नट हाताने किमान आठ आटे फिरले पाहिजेत, मग पान्याने आवळा. आवळणी ९० ते ११५ न्यूटन-मीटर, इम्पॅक्ट गन लावून नाही, टॉर्क रेंचने, आणि ऐंशी-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा.

विकत घ्यायच्या आधी चारही कोपरे मोजा, एक मोजून चौपट करू नका. या गाड्यांची बॉडी दोन्हीकडच्या हबपासून सारख्या अंतरावर बसलेली नसते. माझ्या गाडीत मागे डावी-उजवीत ६ मिमीचा फरक आहे, अपघात न होता. तुमची उजवी बाजू आधी बोलली ती केवळ बायकोच्या वजनाने की मुळातच तिकडे जागा कमी आहे, हे दोन गोळे लावल्याशिवाय कळणार नाही. हबच्या सपाटीपासून फेंडरच्या दुमडीपर्यंतचं माप दोन्हीकडचं लिहून पाठवा, मग ऑफसेट २५ घ्यायचा की ३० ते सांगतो.